‘मेक इट अ डबल’ ऐकू आलं, पण कळलं का? आतिथ्य आणि बारटेंडिंगच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचं साहित्य तयार करताना

प्रश्न असा आहे: मी इंग्रजीची शिक्षिका आहे. हॉटेल आणि बारटेंडिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ६० तासांचा इंग्रजी अभ्यासक्रम आखून त्याचं साहित्य तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. मी स्वतः बारमध्ये कधी काम केलेलं नाही. चारशे शब्दांची यादी झाली आहे, संवाद लिहायला घेतलेत. सुरुवात बरोबर आहे का? व्याकरण किती घ्यावं, उच्चारांचं काय करावं, परीक्षा कशी घ्यावी? आणि छापील पुस्तिका बरी की मोबाइलवरचं साहित्य?

उत्तर: चारशे शब्दांची यादी आधी कपाटात ठेवा. फाडू नका, पुढे लागेल. पण तिच्यापासून सुरुवात करू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतोय.

माझी पहिली पुस्तिका हुबेहूब तुमच्या मनात आहे तशीच होती. प्रत्येक धड्यात वर शब्दार्थ, मध्ये संवाद, खाली गाळलेल्या जागा. मुलांना गुण झकास पडले. मग त्यांच्यातला एक जण प्रशिक्षणासाठी एका बारमध्ये रुजू झाला. पाहुण्याने व्हिस्की मागितली आणि वर म्हणाला, ‘मेक इट अ डबल.’ पोराने दोन ग्लास भरून समोर ठेवले. ‘डबल’ म्हणजे दुप्पट, हे माझ्याच यादीत होतं; बारमध्ये ते एकाच ग्लासातलं दुप्पट माप असतं, हे नव्हतं. पाहुणा हसला, प्रकरण तिथेच मिटलं. पण त्यानंतर तासभर तो मुलगा कुणाशी बोललाच नाही, नुसती मान हलवत राहिला. मला दोन ग्लासांचं वाईट वाटलं नाही, त्या मान हलवण्याचं वाटलं. शब्द चुकीचा कळणं कुणाच्याही हातून होतं. खरी उणीव ही, की ‘अ डबल, इन वन ग्लास?’ एवढं विचारून घ्यायची सोय मी त्याला करून दिली नव्हती. माझ्या संवादांमध्ये कुणीच कुणाला कधी काही परत विचारत नव्हतं. सगळे पाहुणे स्पष्ट बोलायचे आणि सगळ्या वेटरांना पहिल्या झटक्यात कळायचं.

तेव्हापासून मी साहित्य शब्दांभोवती बांधत नाही, व्याकरणाभोवतीही नाही. ऐकणं, खात्री करून घेणं आणि मग हात चालवणं, या तीन पायऱ्यांभोवती बांधतो. तिन्हींत मधली पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि पुस्तकांत नेमकी तीच गायब असते.

बारमध्ये काम केलेलं नाही ही अडचण नाही, पण बारमध्ये बसलेलं नसणं ही आहे. परवानगी काढून दोन संध्याकाळी काउंटरच्या कडेला बसा: एक निवांत, एक गर्दीची. पाहुण्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करू नका. ते योग्य नाही आणि त्या गोंगाटात धड काही ऐकूही येणार नाही. वहीत तीन रकाने आखा: पाहुणा काय म्हणाला, कर्मचारी काय म्हणाला, कुठे अडलं. तिसरा रकाना हाच तुमचा अभ्यासक्रम. बारटेंडिंग शिकवणारे सर किंवा मॅडम असतील त्यांना पहिल्या दिवसापासून सहलेखक करून घ्या. मसुदा तयार झाल्यावर तपासायला देऊ नका. शेकर आधी उघडायचा की आधी ग्लास थंड करायचा, हे ठाऊक नसलेल्या माणसाने लिहिलेला संवाद मुलं पहिल्या ओळीतच ओळखतात आणि मग पुस्तिका मनातून उतरते.

वही भरली की एक गोष्ट लगेच दिसेल. कर्मचाऱ्याचं बोलणं फार थोडं असतं. वीस-पंचवीस वाक्यं, तीच फिरूनफिरून. पसारा सगळा पाहुण्याच्या बाजूला. जिन-टॉनिक हे एकच पेय घ्या. कुणी म्हणेल ‘जी अँड टी, प्लीज’, कुणी ‘कुड आय गेट अ जिन अँड टॉनिक, ईझी ऑन द आइस’, कुणी रिकामा ग्लास उचलून ‘अनदर वन ऑफ दीज’, कुणी नुसतं ‘सेम अगेन’. आपली नेहमीची पुस्तकं दोन्ही बाजू सारख्या वजनाने शिकवतात. अर्धा वेळ मुलं पाहुण्याची वाक्यं पाठ करण्यात घालवतात, जी त्यांना नोकरीत कधी बोलायचीच नसतात. म्हणून साहित्य मुद्दाम एका बाजूला झुकतं ठेवा. बोलायची वाक्यं मोजकी ठेवा, पण ती झोपेतून उठवलं तरी तोंडातून आली पाहिजेत. ऐकायच्या वाक्यांचे मात्र जितके नमुने देता येतील तितके द्या.

जमतील तेवढी पेयपत्रकं, कृतीच्या चिठ्ठ्या आणि वहीतल्या नोंदी टाइप करून एका फाइलमध्ये टाका आणि अँटकाँक या सॉफ्टवेअरमधून फिरवा. लॉरेन्स अँथनी यांनी केलेलं आहे, फुकट मिळतं. कुठला शब्द कितीदा आला आणि त्याच्या आजूबाजूला काय आलं ते दिसतं. तुमच्या यादीतली नामं तिथे असतीलच, पण अर्थ फिरतो तो बारक्या शब्दांवर, हेही दिसेल: ऑन द रॉक्स, ओव्हर आइस, विथ अ ट्विस्ट, ऑन द साइड, स्ट्रेट अप. शब्दयोगी अव्ययांचा धडा हवाच असेल तर तो इथे आयता मिळतो.

आता त्या कपाटातल्या यादीकडे येऊ. तिच्यातले बरेच शब्द निरुपद्रवी आहेत. जिगर (मद्य मोजायचं छोटं माप), स्ट्रेनर (गाळणी), मडलर (ठेचायचा दांडा), बार स्पून या वस्तू मुलं हातात धरून शिकतात. त्यांचा अर्थ लिहून देण्यात वेळ घालवू नका, फक्त उच्चार नीट करून घ्या. त्रास देतात ते ओळखीचा चेहरा असलेले शब्द. ‘ड्राय मार्टिनी’मधल्या ड्रायचा कोरडेपणाशी संबंध नाही, तिथे जिनमध्ये व्हर्मूथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) कमी घालायचं असतं. ‘डर्टी’ म्हणजे ऑलिव्हचं खारं पाणी घातलेलं. ‘नीट’ म्हणजे बाटलीतून थेट ग्लासात, बर्फाशिवाय, थंड न करता. ‘अप’ म्हणजे बर्फासोबत हलवून किंवा ढवळून थंड केलेलं, पण गाळून, बर्फाविना, दांडीच्या ग्लासात. आणि ‘स्ट्रेट अप’? इथे जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही. कुणाला ‘नीट’ अभिप्रेत असतं, कुणाला ‘अप’. आता या शब्दाची व्याख्या काय लिहाल? मी लिहीत नाही. मी प्रश्न शिकवतो: ‘चिल्ड, ऑर रूम टेम्परेचर?’ यादीतल्या अशा प्रत्येक निसरड्या शब्दापुढे अर्थाऐवजी विचारायचा प्रश्न छापा. यादीचं खरं काम तिथे सुरू होतं.

देश बदलला की शब्दही कूस बदलतात. युरोपात बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘मार्टिनी’ म्हटलं की त्या नावाच्या कंपनीचं व्हर्मूथ समोर येतं. ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे मद्य, अमेरिकेत नुसतं ‘सायडर’ म्हणजे बहुतेकदा सफरचंदाचा रस. लेमनेड ब्रिटनमध्ये फसफसणारं, अमेरिकेत लिंबू-साखर-पाण्याचं. ‘आँत्रे’ अमेरिकेत मुख्य जेवण, इतरत्र बहुतेक ठिकाणी जेवणाआधीचा पदार्थ. ‘फर्स्ट फ्लोअर’ ब्रिटिश माणसाला एक जिना वर, अमेरिकन माणसाला तळमजला. माझं आवडतं उदाहरण टेबल राखून ठेवण्याचं आहे. ब्रिटिश माणूस फोनवर ‘हाफ एट’ म्हणाला तर साडेआठ. जर्मन माणूस आपल्या भाषेतून शब्दशः आणून तेच म्हणाला तर त्याच्या मनात साडेसात असतात. यावर उपाय एकच, परत म्हणून दाखवणं: ‘सेव्हन थर्टी, ऑर एट थर्टी?’

मापांचाही असाच घोळ. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटना १९५१ साली इंग्लंडमध्ये स्थापन झाली. तिच्या अधिकृत कॉकटेल-यादीत मापं मिलिलिटरमध्ये असतात. पण अमेरिकन कृती औंसात येतात, आणि अमेरिकन द्रव औंस २९.५७ मिलि, तर ब्रिटिश २८.४१ मिलि. ब्रिटनमध्ये जिन, रम, व्होडका, व्हिस्कीचं एक माप कायद्याने २५ किंवा ३५ मिलि, म्हणजे तिथलं ‘डबल’ ५० किंवा ७० मिलि. बाटलीवर ‘प्रूफ’ लिहिलं असेल तर अमेरिकन पद्धतीत तो आकडा मद्यार्काच्या टक्केवारीच्या दुप्पट असतो. गणित बारटेंडिंगच्या तासाला होईलच. इंग्रजीच्या साहित्यात फक्त एवढं हवं, की मुलाला ही संख्या ऐकून लिहिता आली पाहिजे आणि मोठ्याने म्हणता आली पाहिजे.

संख्या हा विषय आला म्हणून जरा थांबतो, कारण इथे सर्वांत जास्त पैसे आणि वेळ वाया जातो. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. शांत वर्गात मुलं दोन्ही ओळखतात. गोंगाटात शेवटचा न् हरवतो आणि आघात कुठे पडला एवढाच धागा उरतो. म्हणून खोली क्रमांक सुटे अंक करून परत म्हणायची सवय लावा: ‘वन फाइव्ह, वन सिक्स?’ नाव लिहून घेताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही विमानवाहतुकीतली वर्णमाला (१९५६ पासून ती याच रूपात चालू आहे) मुलांना फार आवडते आणि ती अर्ध्या तासात येते. ओळखपत्रावरची तारीखही संख्याच आहे. ०५/०६ म्हणजे अमेरिकेत ६ मे आणि इतर बहुतेक ठिकाणी ५ जून. पिण्याचं कायदेशीर वय अमेरिकेत २१, ब्रिटनमध्ये १८. काउंटरमागच्या मुलाला त्या एका महिन्याच्या फरकावरून ‘नाही’ म्हणावं लागू शकतं.

ऐकण्याच्या ध्वनिफिती तयार करताना माझी एक चूक तुम्ही करू नका. मी त्या शांत खोलीत, स्पष्ट आवाजात, एकाच प्रकारच्या उच्चारांत करून घेतल्या होत्या. बार तसा नसतोच. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये नोंदवून ठेवलंय, की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. म्हणजे बारमध्ये सगळेच आवाज चढवतात, त्यामुळे गोंगाट आणखी वाढतो. मुलाला ऐकायचं असतं ते त्यातून. म्हणून प्रत्येक फीत दोनदा द्या: आधी स्वच्छ, मग मागे गर्दीचा आणि संगीताचा आवाज मिसळून. बोलणारे निरनिराळ्या देशांचे घ्या. जगभर फिरणाऱ्या पाहुण्यांत इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा असलेले खूप असतात. त्यांची वाक्यं तुटक, उच्चार त्यांच्या-त्यांच्या मातीचे. मुलांना ते कधीकधी लंडनच्या माणसापेक्षा सोपे जातात आणि त्यांचा धीर वाढतो.

आता एक गोष्ट, जी मराठी घरातून आलेल्या मुलांना हटकून नडते. ‘बर्फ नको ना?’ असं विचारलं तर आपण म्हणतो ‘हो’. म्हणजे ‘बरोबर, नको.’ इंग्रजीत ‘यू डोन्ट वॉन्ट आइस?’ याला बर्फ नको असलेला माणूस ‘नो’ म्हणतो. मुलाने मनात मराठी चालू ठेवून प्रश्न विचारला की ‘नो’ ऐकून तो बर्फ टाकतो. शिवाय पाहुणा आपल्यासारख्याच वळणाच्या भाषेचा असेल, जपानी असेल, तर तो ‘येस’ म्हणेल आणि त्याला बर्फ नकोच असेल. यावर पानभर व्याकरण लिहिण्यात अर्थ नाही. नियम एवढाच: नकारात प्रश्न विचारायचाच नाही. ‘विथ आइस, ऑर विदाउट?’ असं दोन पर्याय देऊन विचारायचं. या प्रश्नाचा सूरही करून घ्या. पहिल्या पर्यायावर आवाज वर, दुसऱ्यावर खाली: ‘स्टिल↗ ऑर स्पार्कलिंग↘?’ दोन्हीकडे आवाज वरच ठेवला तर पाहुण्याला वाटतं, अजून तिसरा पर्याय येणार आहे, आणि तो वाट पाहत बसतो.

सौजन्याचंही तसंच. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो: ‘काय घ्याल?’ इंग्रजीत ती शेपटी नाही, म्हणून आदर ‘वुड’, ‘कुड’, ‘मे’ यांच्यात आणि सुरात शोधावा लागतो. आपली मुलं ‘हं, बोला’ हे अगदी प्रेमाने ‘येस, टेल मी’ करून टाकतात. त्यात त्यांच्या मनात काही वावगं नसतं, पण समोरच्याला ते खडसावल्यासारखं लागू शकतं. ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’चंही तेच. या दोन वाक्यांच्या जागी ‘हाय देअर, व्हॉट कॅन आय गेट यू?’ हे एकच बसवा आणि ते इतक्यांदा म्हणून घ्या, की जुनं वाक्य आठवायलाच नको. प्रत्येक वाक्याला ‘प्लीज’ डकवायची सवय मात्र मोडा. पाचव्या ‘प्लीज’ला ते विनवणीसारखं वाटायला लागतं.

एक पूर्ण प्रसंग कसा बांधतो ते सांगतो, म्हणजे वरचं सगळं कुठे बसतं ते दिसेल. प्रसंग अ‍ॅलर्जीचा. स्वयंपाकघराच्या बाबतीत हा विषय सगळे शिकवतात, बारच्या बाबतीत विसरतात. पाहुणी म्हणते, ‘आय अ‍ॅम अलर्जिक टू नट्स. इज देअर एनिथिंग आय शुड अव्हॉइड?’

पहिली अर्धी तासिका इंग्रजी बोलायचंच नाही. आठ पेयांच्या कृतींच्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि गटागटाने शोधायला लावायचं: कशात काय दडलंय? मायटाइ या कॉकटेलमधलं ओर्झा सिरप बदामाचं असतं. व्हिस्की सावरमध्ये बऱ्याचदा अंड्याचा पांढरा भाग जातो. ब्रँडी अलेक्झांडरमध्ये दुधाची साय. ब्लडी मेरी हे तर भांडारच आहे: वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे मासे, आणि वर सेलरी ही देठाची भाजी. बिअरमध्ये बार्ली, वाइनमध्ये सल्फाइट. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे डिसेंबर २०१४ पासून १४ प्रकारच्या घटकांची माहिती पाहुण्याला द्यावीच लागते, आणि त्या यादीत सेलरीही आहे. अमेरिकेची यादी ९ घटकांची. तीत तीळ २०२३ च्या सुरुवातीपासून आले, सेलरी नाही. म्हणजे एखादा घटक आपल्या यादीत नाही म्हणून पाहुण्याने विचारलेलं उडवून लावता येत नाही. ही शोधाशोध मुलांना कोड्यासारखी वाटते, आणि नकळत पन्नास-साठ शब्द डोळ्यांखालून जातात. तुमच्या यादीतले किती आले ते मोजा, हरखून जाल.

मग ऐकणं. सहा पाहुणे, सहा प्रकारे तीच गोष्ट सांगतात. एक ‘अलर्जिक’ म्हणतो, एक ‘आय कान्ट हॅव डेअरी’, एक ‘नट्स डोन्ट अ‍ॅग्री विथ मी’, एक नुसतंच ‘नो एग, प्लीज’. शेवटच्या माणसाला अ‍ॅलर्जी आहे की आवड नाही? ऐकून सांगता येत नाही. म्हणून पुन्हा प्रश्न: ‘इज दॅट अ‍ॅन अलर्जी, ऑर अ प्रेफरन्स?’ उत्तर अ‍ॅलर्जी असेल तर शेकर नवा घ्यायचा, जिगर धुवायचा. इंग्रजीचं एक वाक्य आणि हातांचं काम इथे जोडले जातात.

त्यानंतर बोलायचं वाक्य. या प्रसंगात ते एकच आहे: ‘लेट मी चेक अ‍ॅन्ड कम राइट बॅक.’ माझ्या मुलांच्या तोंडी आधी ‘आय थिंक इट्स ओके’ असायचं. हे वाक्य मी फळ्यावर लिहून त्यावर फुली मारतो आणि फुली सत्र संपेपर्यंत पुसत नाही. शेवटी रोल प्ले, आणि त्यात एक खडा मुद्दाम टाकलेला: पाहुणी अर्धं पेय प्यायल्यावर विचारते, ‘सॉरी, इज देअर आमंड इन धिस?’ या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नाही. मुलगा काय करतो ते बघायचं. पाणी देतो, वरिष्ठाला बोलावतो, खरं सांगतो की सारवासारव करतो. वर्गात त्यावर होणारी चर्चा, तुटक इंग्रजीत का होईना, त्या तासाची सगळ्यात मोलाची वीस मिनिटं असतात.

असे दहा-बारा प्रसंग ६० तासांना पुरतात: स्वागत आणि ऑर्डर, निसरडे शब्द, शिफारस, अ‍ॅलर्जी, चुकलेली ऑर्डर, ओळखपत्र, बिल, तक्रार, फोनवर टेबल, शिफ्ट हस्तांतर, आणि मद्य नाकारणं. या शेवटच्यासाठी दोन तास राखून ठेवा. ‘यू आर ड्रंक’ हे वाक्य मारामारीचं निमंत्रण आहे. वाक्य स्वतःपासून सुरू करायचं, हळू आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असं: ‘आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट सर्व्ह यू अनदर वन टुनाइट. कॅन आय गेट यू सम वॉटर?’ नकार आणि पर्याय एका श्वासात. मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा, शब्द फारसे न बदलता. समजावत बसलं की पाहुण्याला वाद घालायला जागा मिळते. नेमके कुठले शब्द वापरायचे, हे बारटेंडिंगच्या शिक्षकांना विचारून ठरवा, कारण इथे भाषा आणि कायदा एकमेकांत अडकलेत.

व्याकरण? प्रसंगात लागेल तेवढंच. कृती सांगताना आज्ञार्थ, हस्तांतराच्या वहीत साधा भूतकाळ, शिफारशीत तुलना, आणि ‘टू कॉफीज’ हे चालतं याची खात्री. शाळेत ‘कॉफी’चं अनेकवचन होत नाही असं शिकलेली मुलं काउंटरवर अडखळतात. बाकी काळांचे तक्ते तुमच्या पुस्तिकेत नसले तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

उच्चारांची भीती मुलांना पाहुण्यापेक्षा बाटल्यांची वाटते. क्वांत्रो, पिनो न्वार, काशासा, लफ्रॉइग. स्पेलिंग बघून वाचलं तर फजिती ठरलेली. बाटल्यांच्या नावांची वेगळी चिठ्ठी करा, देवनागरीत उच्चार लिहून द्या. इंग्रजीच्या वर्गात देवनागरी चालत नाही असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आपल्या लिपीइतकं उच्चार पकडणारं साधन हाताशी असताना ते न वापरणं हा निव्वळ हट्ट आहे.

चवीच्या शब्दांवर एक गंमत. आपल्याकडे ‘तुरट’ हा घरातला शब्द आहे. लाल वाइनमधल्या टॅनिनने जीभ आखडते त्याला नेमका तोच लागतो. इंग्रजीतला ‘अ‍ॅस्ट्रिंजंट’ पुस्तकी आहे, म्हणून काउंटरवर लोक ‘टॅनिक’ म्हणतात किंवा चक्क ‘ड्राय’, आणि ‘ड्राय’चा दुसरा अर्थ गोड नसलेलं हा आहेच. मुलांना आधी मराठीत चव पक्की करू द्या, मग इंग्रजी शब्द चिकटवा. यासाठी वर्गात मद्य लागत नाही. काळा चहा, टॉनिक वॉटर, लिंबू, कडक कॉफी यांवर कडू, आंबट, तुरट सगळं होतं. वर्गात न पिणारी आणि पिण्याचं कायदेशीर वय न झालेली मुलं असतातच. एकही कृती चाखण्यावर अवलंबून नसेल असं साहित्य करा. बाटल्यांत पाणी भरून सराव केला तरी जिभेला इंग्रजीचं वळण तेवढंच लागतं.

वर्गात सगळ्यांची पातळी सारखी नसणार. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीतल्या ए१ (अगदी नवशिका) ते सी२ (पारंगत) या पायऱ्या तुम्हाला माहीत असतील. त्यासाठी तीन पुस्तिका काढू नका. प्रसंग एकच ठेवा, पाहुणा बदला. ए१च्या मुलासमोरचा पाहुणा हळू बोलतो आणि पत्रकावर बोट ठेवतो, बी१च्या मुलासमोरचा मध्येच ऑर्डर बदलतो.

परीक्षेसाठी मी पद्धत उसनी घेतली ती वैद्यकीय शिक्षणातून. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी इथे मांडलेली. विद्यार्थी एकामागून एक ठाण्यांवर जातो, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटं, ठरावीक काम, ठरावीक गुणपत्रिका. मी पाच ठाणी ठेवतो, प्रत्येकी चार मिनिटं, एकावर मागे गोंगाटाची फीत चालू. गुण व्याकरणाला फार थोडे. ग्लासात बरोबर गोष्ट आली का, आणि शंका होती तिथे विचारलं का, या दोन रकान्यांना मिळून निम्म्याहून जास्त. एका ठाण्यावरची ऑर्डर मुद्दाम अर्धवट असते. न विचारता पेय बनवून मोकळा होणारा मुलगा तिथे गुण गमावतो, त्याचं इंग्रजी कितीही फर्डं असलं तरी. पहिल्या वर्षी यावर मुलांनी माझ्याशी भांडण काढलं होतं. मी गुण बदलले नाहीत.

आणि छापील की मोबाइल. ध्वनिफिती मोबाइलवर, हे उघड आहे. पण काउंटरमागे ओल्या हातांनी मोबाइल कुणी काढत नाही, बऱ्याच ठिकाणी परवानगीही नसते. म्हणून बोलायची वीस वाक्यं आणि निसरड्या शब्दांचे प्रश्न एप्रनच्या खिशात मावतील अशा कार्डांवर छापा. खेळायच्या पत्त्याएवढा आकार, एका कोपऱ्यात भोक पाडून कडीत ओवलेली, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेली. माझी पहिली कार्डं साधी होती. लिंबाच्या रसाने आणि बर्फाच्या पाण्याने ती आठवड्यात लगदा झाली. मागची बाजू कोरी ठेवा आणि प्रत्येकाला पाण्याने न पुसला जाणारा एक पेन द्या. सत्राच्या शेवटी ती कोरी बाजू भरलेली कार्डं परत मागवून घ्या. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीचा मजकूर तिथेच लिहिलेला सापडेल.